गळ्यात असेपर्यंत

नगरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, तोंडात अजून नगरच येतं. दिल्ली गेटपासून चालत पाच मिनिटं. या दुकानात दोन गोष्टी साठतात. एक म्हणजे जळालेल्या मोटारींची तांब्याची तार आणि दुसरी म्हणजे बेसवाल्यांचे किस्से. तार भंगारवाला महिन्यातून एकदा येऊन घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून म्हटलं, आपणच एकदा बाहेर काढून ठेवावेत.

बेसवाले म्हणजे बेस गिटार वाजवणारे. ऑर्केस्ट्रात मागे, ड्रमच्या शेजारी, लांबलचक गिटार गळ्यात अडकवून जो माणूस फारसा न हलता उभा असतो, तो. त्याच्या गिटारीला चार जाड तारा असतात. तो वाजवत असतो तोवर त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. तो थांबला की गाण्यातून काहीतरी गेलं एवढं सगळ्यांना कळतं, काय गेलं ते कळत नाही.

मीही त्यातलाच. मोटारी गुंडाळता गुंडाळता मी गिटारचे पिकअप गुंडाळायला शिकलो. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेली, आवाज पकडणारी छोटी कॉइल. ती जिल्ह्यात दुसरं कोणी गुंडाळत नाही, त्यामुळे बेसवाले माझ्याकडेच येतात. आणि सोमवारी कार्यक्रम नसतात, म्हणून तीन-चार जण काही बिघडलेलं नसलं तरी येतात. बसतात, चहा पितात आणि कोणाचा बेस चांगला यावर भांडतात. कंपन्यांची नावं मी सांगत नाही. आमच्याकडे तशीही कंपनीची ओळख देशावरून असते. अमेरिकन, जपानी, चिनी. आणि एक कर्जतची. ती पुढे येईलच.

* * *

आमच्यात सगळ्यात वडील साळवेकाका. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. पंजा असा की हात मिळवला तर आपली बोटं पान्यात अडकलीत असं वाटावं. बेचाळीस वर्षं ते दर रविवारी चर्चमध्ये बेस वाजवत आलेत, आणि नाताळ तर एकही चुकलेला नाही. त्यांचा बेस अमेरिकन, चार तारांचा, लांब मानेचा आणि वजनाला असा की मी तो एकदा गळ्यात घातला तर दोन दिवस मान एका बाजूलाच वळत होती. काकांच्या मते बेस असाच असतो. बाकीच्या नुसत्या वस्तू आहेत.

दुसरे मिलिंद गुरुजी. शेवगावजवळच्या झेडपी शाळेत शिकवतात, आणि जयंतीच्या दिवसांत भीमगीतांच्या कार्यक्रमात बेस वाजवतात. त्यांनी जपानी बेस घेतला, तोही पाच तारांचा. पाचवी तार सगळ्यात जाड, सगळ्यात खालच्या सुरांची. गुरुजी तिच्यासाठी दोन वर्षं थांबले होते.

त्या बेसचा पहिला कार्यक्रम शेवगावला. आम्ही मुद्दाम ऐकायला गेलो. गुरुजी बेस गळ्यात घालून स्टेजची पायरी चढणार, तेवढ्यात काका म्हणाले, "गुरुजी, ही पाचवी तार कशाला? कपडे वाळत घालायला?"

गुरुजी हसले. वर गेले. आणि दोन तासांच्या कार्यक्रमात त्या पाचव्या तारेला त्यांनी बोट लावलं नाही.

सोमवारी दुकानात आले तेव्हा मी विचारलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, "काय करू नंदूभाऊ, त्या तारेवर बोट गेलं की मला ओला टॉवेल दिसायचा."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे एक नियम केला. बेस ज्याच्या गळ्यात आहे, त्याच्यासमोर त्या बेसला नाव ठेवायचं नाही. पट्टा खांद्यावरून उतरला की मग काय बोलायचं ते बोला.

तो नियम आमच्यात आजही कडक पाळला जातो. समोरच्याचा पट्टा कधी उतरतोय याची वाट बघत ओठ दाबून बसलेली माणसं मी माझ्या दुकानात पाहिली आहेत.

* * *

तिसरा बापू, कर्जतचा. शेती आहे, दोन गाई आहेत, आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत बेस वाजवतो. बापूचा बेस म्हणजेच ती कर्जतची कंपनी. घराला स्लॅब पडला तेव्हा जुन्या दरवाजाची कडुनिंबाची चौकट निघाली. बापूने गावातल्या सुताराकडून तिचा बेस करून घेतला. मागच्या बाजूला बिजागरीची खाच अजून आहे. बापू तिच्यात तंबाखूची पुडी ठेवतो.

एका लग्नात मांडवातले एक पाहुणे बराच वेळ बापूच्या बेसकडे बघत होते. शेवटी जवळ आले. म्हणाले, "भाऊ, गिटारला सहा तारा असत्यात ना? तुमच्या चारच कशा?"

बापूला समजावत बसायचा कंटाळा. तो म्हणाला, "दोन तुटल्या, पाव्हणं."

"मग वाजवताय कसं?"

"चालवायचं तसंच. लगीन थांबतंय व्हय?"

पाहुणे भारावून गेले. तडक निवेदकाकडे गेले. पाचच मिनिटांत माईकवरून घोषणा झाली, की आपल्या गिटारवादकाच्या दोन तारा तुटल्या असूनही त्यांनी वादन थांबवलेलं नाही, जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत. टाळ्या झाल्या. नवरदेवाच्या मामांनी स्टेजवर येऊन बापूच्या खांद्यावर शाल घातली.

चार तारांचा बेस चांगला की पाच तारांचा, हा वाद आमच्यात निघाला की बापू ती शाल सांगतो. "गुरुजी, तुमच्या बेसला म्या एकच तुटली म्हनलो असतो. एका तारंला कोन शाल घालतंय?"

* * *

तारांवरून आठवलं. बेसच्या तारांमध्ये घाम आणि मळ बसतो, आवाज बसका होतो. नवीन तारा लावणं हा एक उपाय. दुसरा म्हणजे तारा काढून पाण्यात उकळायच्या. मळ सुटतो आणि काही दिवस त्या पुन्हा खणखणीत वाजतात. हे ऐकायला कसंतरी वाटतं, पण बेसवाले करतात.

साळवेकाकांना दोन्ही उपाय मान्य नाहीत. "तार लोणच्यासारखी मुरावी लागते," असं ते म्हणतात. त्यांच्या तारा कधी लावल्या हे त्यांनाही आठवत नाही.

गुरुजींना मात्र आवाज चकचकीत लागतो. एका रविवारी घरी त्यांनी पाची तारा गुंडाळून उकळायला ठेवल्या. मोठं पातेलं सापडेना, म्हणून कुकरमध्ये. तेवढ्यात सुनीतावहिनी ड्युटीवरून आल्या. वहिनी आरोग्य केंद्रात नर्स आहेत. सगळं जग उकळून घेण्याची त्यांना सवय आहे. त्यांनी कुकरचं झाकण उचललं, आत पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, झाकण परत लावलं आणि विचारलं, "किती शिट्ट्या करायच्या?"

हा किस्सा गुरुजींनी स्वतःच सोमवारी सांगितला. बेस गळ्यात होता, त्या उकळलेल्या तारा त्याच्यावर होत्या, आणि आवाज खरंच सुरेख येत होता. काका नियमाप्रमाणे गप्प बसून ऐकत होते. गुरुजींनी पट्टा उतरवून बेस टेबलावर ठेवला. काका उठले, वाकले, तारांना नाक लावलं.

"तुरीची आहे," म्हणाले.

* * *

चौथे जोशी, संगमनेरचे. दूध डेअरीच्या लॅबमध्ये आहेत. दिवसभर दुधातलं फॅट मोजतात आणि उरलेल्या वेळात बेस मोजतात. तार मानेपासून किती वर आहे, पिकअप तारेपासून किती खाली आहे, सगळं वहीत. दुकानात येतात ते व्हर्नियर कॅलिपर घेऊन येतात.

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. त्या असल्या की बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी सूर बरोबर येतो. जोशींनी पट्ट्याच नसलेला बेस घेतला. "पट्ट्या म्हणजे सूर दुसऱ्याने ठरवून दिल्यासारखं झालं," असं त्यांचं म्हणणं. आता सूर कुठे आहे हे आपलं आपण शोधायचं. जोशी शोधणार म्हणजे मोजूनच. त्यांनी मानेच्या पांढऱ्या कडेवर कॅलिपर लावून बारीक लाल ठिपके काढले. प्रत्येक सुराला एक.

कॉलेजच्या गॅदरिंगला बेस वाजवायचं ठरलं. दोन गाणी उत्तम झाली. तिसरं गाणं विरहाचं होतं. लाईटवाल्याने पूर्ण स्टेज लाल केलं, आणि जोशींचे सगळे ठिपके गेले. लाल उजेडात पांढरी कडही लाल, ठिपकेही लाल. जोशी पुढची पाच मिनिटं नुसत्या कानावर वाजवत राहिले. बोट टेकवायचं, सूर ऐकायचा, मग सरकवत सरकवत जागेवर न्यायचं. घामाने शर्ट भिजला.

गाणं संपल्यावर एक म्हातारे प्राध्यापक विंगेत आले. त्यांनी जोशींचे दोन्ही हात हातात घेतले. "एवढी आर्त मींड मी गिटारवर कधी ऐकली नाही," म्हणाले. जोशी खोटं बोलत नाहीत. "सर, मला काही दिसत नव्हतं," म्हणाले. प्राध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "अगदी. मलाही."

त्यानंतर जोशींनी ठिपके हिरवे केले. बापूने लगेच विचारलं, "आन हिरवा दिवा लागला तर?"  आता कुठेही कार्यक्रम असला की बाकीचे वादक आधी गायकाला भेटतात. जोशी लाईटवाल्याला भेटतात.

* * *

कोणाचा बेस चांगला हा वाद एकदाचा मिटवावा, असं जोशींनीच ठरवलं. दुकानात चादर बांधली. चादरीमागे जोशी, आणि काकांचा अमेरिकन, गुरुजींचा जपानी, बापूची चौकट आणि माझा चिनी असे चार बेस. अॅम्प्लिफायर एकच. जोशी चारही बेसवर तीच धून वाजवणार, आम्ही चिठ्ठीवर लिहायचं, कुठला कोणाचा.

वाजवून झालं. चिठ्ठ्या उघडल्या.

गुरुजींनी तिसऱ्या बेसपुढे लिहिलं होतं, "उत्कृष्ट, भरदार, हा माझाच." तिसरा काकांचा निघाला. गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले. मला माझा स्वतःचाच ओळखता आला नाही, ते जाऊ द्या. बापूने बाकी सगळे चुकवले, पण स्वतःचा अचूक ओळखला. आम्हाला आश्चर्य वाटलं. तो म्हणाला, "तीस वरीस तो दरवाजा उघडलाय, लावलाय. त्याचा आवाज मला कळंना व्हय?"

काकांच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती. "चारही वेळा जोशी."

जोशींनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग घडी करून पाकिटात ठेवली. अजून त्यांच्या पाकिटात आहे, मी पाहिली आहे.

* * *

काकांचं जोशींवर असं प्रेम, पण जोशींच्या नव्या खरेदीवर नाही. गेल्या पावसाळ्यात जोशी एक छोटा बेस घेऊन आले. मान आखूड, अंग हलकं, बगलेत धरून फिरता येईल एवढा. माझ्याकडे पिकअप बदलायला आणला होता. काकांनी आधी खात्री करून घेतली की तो कोणाच्या गळ्यात नाही. मग टेबलावर ठेवून वितीने मोजला.

"हे खेळणं आहे," काका म्हणाले. "बारशाला द्यायला बरं."

"काका, मान आखूड असली की पट्ट्या जवळजवळ येतात," जोशी समजावू लागले. "बोटं कमी ताणावी लागतात."

"बोटं ताणलीच पाहिजेत. ताणायची नसतील तर माणसाने खंजिरी वाजवावी."

 पिकअप बदलून झाला तरी जोशींनी तो बेस नेला नाही. इथेच राहू द्या म्हणाले. तो माझ्या खुंटीवर टांगलेला राहिला. काका दर सोमवारी आत आले की त्याच्याकडे बघून म्हणायचे, "अजून कोणाचं बारसं निघालं नाही का?"

* * *

दिवाळीनंतर काका त्यांचा बेस घेऊन आले. म्हणाले, "खरखर येतेय." मी उघडला, तपासला. काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. आवाज कमी येतो म्हणाले. काही नव्हतं. तिसऱ्या वेळी म्हणाले, मान वाकली असेल. मी मानेला फूटपट्टी लावून पाहिली. मान सरळ होती, पण फूटपट्टी लावताना मला दुसरंच दिसलं.

मानेच्या टोकाकडच्या पहिल्या तीन पट्ट्यांवर धूळ होती. बाकीच्या पट्ट्या बोटं फिरून चकाकत होत्या. पहिल्या पट्ट्या सगळ्यात दूर दूर असतात, तिथे हात पूर्ण ताणावा लागतो. काकांची बोटं तिथे कित्येक दिवसांत गेलीच नव्हती.

चहा आला. काकांनी कप उजव्या हाताने घेतला. डावा हात मांडीवर होता, त्याची दोन बोटं आत वळलेली. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"थंडीने होतं," म्हणाले. थंडी अजून पडायची होती.

मग त्यांनीच सांगितलं. डॉक्टर म्हणतात सांध्यांचं दुखणं आहे, आटोक्यात राहील, पण पहिल्यासारखा हात उघडणार नाही. चर्चमध्ये गाणाऱ्यांचं सगळं रूथताई बघते, तीच कीबोर्ड वाजवते. पोरगी चांगली आहे. तिने हात ओळखला. म्हणाली, काका, या नाताळला मी कीबोर्डच्या डाव्या हाताने बेस वाजवते, तुम्ही पुढच्या रांगेत आरामात बसा.

"नंद्या, बेचाळीस वर्षांत मी पुढच्या रांगेतून चर्च कसं दिसतं ते पाहिलेलं नाही," काका म्हणाले. "मला पाहायचंही नाही."

 एवढा दांडगा माणूस, आणि मांडीवरचा हात दुसऱ्या हाताने झाकून बसलेला. मी नुसतं बेस राहू द्या, नीट बघतो, म्हटलं. जाताना काकांनी बजावलं, "कोणाला सांगू नकोस."

मी पुढच्या सोमवारी तिघांनाही सांगितलं. काका त्या दिवशी आले नव्हते. शब्द मोडल्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही.

तिघांच्याही नजरा एकदमच खुंटीकडे गेल्या. आखूड मान, जवळजवळ पट्ट्या, हलकं अंग. गुरुजी म्हणाले, "सरळ सांगू. यात लाजायचं काय?"

बापूने मान हलवली. "सांगून घेतील व्हय ते? एवढं खेळनं खेळनं म्हनलेत त्याला. न्हाई म्हनतील आन गुमान फुडच्या रांगंत जाऊन बसतील."

"मग?"

"त्यांचा बेसच न्हाई मिळाला तर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या दुकानात इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते मी खोटं बोलावं यावर.

* * *

काका बेस न्यायला आले. मी पाठ करून ठेवलेलं वाक्य बोललो. "काका, पिकअप गेलाय. पुन्हा गुंडाळावा लागेल. तार पुण्याहून मागवलीय, पण नाताळच्या आत काही येत नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं. माझ्या मागे भिंतभर फळ्या आहेत, आणि फळ्यांवर तारेची रिळं. जाड, बारीक, केसासारखी, सगळी. एवढा विचार आमच्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

"तार नाही," काका म्हणाले.

"नाही काका."

 बाहेर रिक्षा उभी राहिली, निघून गेली. काकांनी चष्मा सारखा केला आणि खुंटीकडे न बघता विचारलं, "मग ते जोशीचं खेळणं पडूनच आहे ना? आता नाइलाज आहे म्हणून."

मी बेस पिशवीत घालून दिला. 

* * *

नाताळच्या सकाळी आम्ही चौघंही चर्चमध्ये मागच्या बाकावर. बापू पहिल्यांदाच आत आला होता. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, अवघडून बसलेला. "कधी उठायचं?" त्याने विचारलं. गुरुजी म्हणाले, "सगळे उठले की."

काका समोर त्यांच्या नेहमीच्या जागी, गाणाऱ्यांच्या मागे डावीकडे उभे. तो छोटा बेस त्यांच्या छातीवर आणखी छोटा दिसत होता. रूथताई कीबोर्डवर. तिने डावा हात खालच्या सुरांवर तयार ठेवलेला मला दिसत होता. काका अडले तर सांभाळायला.

पहिलं गीत सुरू झालं. मी गाणं ऐकत नव्हतो, बोटं बघत होतो. काकांचा डावा हात मानेवरून टोकाकडे सरकला. पहिल्या पट्टीपर्यंत गेला. बोट टेकलं, आणि बाकाच्या फळीतून तो खालचा सूर आमच्या पाठीपर्यंत आला.

दुसऱ्या कडव्याला रूथताईने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. शेवटच्या गीतापर्यंत तो तिथेच होता. जोशी माझ्या शेजारी बसून रडत होते, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मीही नाही.

नंतर अंगणात चहा, केक, करंज्या. गुरुजींनी दोन आठवडे तयारी केली होती. बारसं कधी, घुगऱ्या कुठे, पाळणा कोणी म्हणायचा, असा सगळा काकांनाच परत करायचा माल. फक्त पट्टा उतरायची खोटी. काका आले ते बेस गळ्यातच ठेवून. बेस पाठीकडे सरकवून त्यांनी चहा घेतला. दोन करंज्या खाल्ल्या. दहा-पंधरा जणांनी गळाभेट घेतली, तीही बेससकट.

"काका, काढा की आता," बापू म्हणाला. "भार हुत असंल."

"नाही होत."

काकू हसत म्हणाल्या, "अहो, घरी पाहुणे यायचेत. ते काढून पिशवीत घाला आणि चला."

"चल की," काका म्हणाले. त्यांनी तसाच स्कूटरला स्टार्टर मारला. पाठीवर बेस, म्हणून काकूंना मागे बसायला जागा नव्हती. त्यांना जोशींनी गाडीतून घरी सोडलं.

* * *

पुढच्या सोमवारी आम्ही चौघं दुकानात बसलो होतो. स्कूटरचा आवाज आला. काका आत आले. बेस गळ्यात. घरातूनच घालून निघालेले, भर बाजारातून तसेच आलेले.

 नियम तो नियम. गुरुजींनी ओठ दाबून धरले होते. काका त्यांच्या खुर्चीत बसले, बेस मांडीवर नीट घेतला. त्यांचा अमेरिकन समोरच खुंटीवर होता, पुसून ठेवलेला. त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग माझ्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत, एकेक रीळ.

"नंद्या," ते म्हणाले, "तार आली का रे पुण्याहून?"

"नाही काका."

"बरं," काका म्हणाले. "काही घाई नाही."